नूराबीलचा हॉल आणि पॅस्कोबाईंची ताटली

मी, व्हर्ना ओटिली नॉस्की, कै. क्लेमेंट नॉस्की यांची पत्नी, वय पंच्याऐंशी, धंदा शेती आणि शेतीची काळजी, राहणार सायडिंग रस्ता, नूराबील, राज्य व्हिक्टोरिया, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, चष्मा लावून आणि चहा पिऊन झाल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट एका माणसाने मी हे असे लिहू नये म्हणून बरीच खटपट केली. तो माझा मुलगा आहे आणि त्याच्याबद्दल पुढे येईलच.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः १९८० सालचे, ज्यात मी श्रीमती डॉट पॅस्को यांना माझ्या अंत्यविधीला येण्यास मनाई केली होती.

वकीलबाई जोन ट्रेझाइस यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात फक्त वस्तू सांगाव्यात, त्यांच्या गोष्टी सांगू नयेत. त्या तालुक्याच्या गावच्या आहेत, त्यांना क्षमा आहे. नूराबीलमध्ये साधी ताटली कोणाला द्यायची झाली तरी तिच्यामागचे सगळे सांगितल्याशिवाय घेणारा ती घेत नाही.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. रसेलवर, म्हणजे माझ्या मुलावर, मी हे काम सोपवत नाही. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. आईच्या मनाविरुद्ध वागण्याची मुभा त्याला मी जिवंतपणी भरपूर दिली; मेल्यावर तिच्या मनासारखे वागायची सक्ती कशाला करू?

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामान, बँकेत जे काही असेल ते, आणि क्लेमच्या आईचे चांदीचे चहाचे भांडे, हे सर्व रसेलचे. घराच्या मागच्या दाराला कुलूप नाही, कधीच नव्हते, तेव्हा किल्ली शोधत बसू नये. पुढचे दार लाकूड फुगल्यामुळे उघडत नाही. ते माझ्या सासूबाईंच्या वेळी एकदा पाद्रीबुवांसाठी उघडले होते आणि त्यानंतर तशी गरज पडली नाही.

कलम तिसरे. क्लेमची हत्यारांची पेटी, वेल्डिंगचे यंत्र आणि मेंढ्या कातरायच्या दोन्ही कात्र्या शेजारी किथ ओल्डेकर यांना द्याव्यात. मोठा पाना पेटीत सापडणार नाही. तो १९८३ च्या दुष्काळात पंप दुरुस्त करायला किथ घेऊन गेले, ते अजून पंप दुरुस्त करत आहेत. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. माझी कुत्री टिबी हीसुद्धा किथकडे जाईल. माझी परवानगी न विचारता ती निम्मे दिवस तिकडेच असते.

किथ हे आमच्या हॉल कमिटीचे अध्यक्ष आहेत. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. या गुणामुळेच ते चाळीस वर्षे बिनविरोध निवडून येत आहेत, हे पुढे कळेल.

कलम चौथे. हॉलच्या स्वयंपाकघरातले काचेच्या दारांचे कपाट, आतील ताटल्यांसह.

आमच्याकडे कोणताही कार्यक्रम असला की प्रत्येक घरातून एक ताटली येते. कोणी अंड्याचे सँडविच आणते, कोणी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, कोणी स्पंज केक. घाईत ताटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीने आपल्या ताटलीच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आडनाव लिहायचे. कोणाची ताटली मागे राहिली तर ती या कपाटात जाते, आणि मालकीण पुढच्या वेळी घेऊन जाते. पण काहींना पुढची वेळ आलीच नाही. मॅक्ॲलिस्टर १९३० च्या दशकात वाळूच्या वादळांना कंटाळून गेले, त्यांची निळ्या काठाची ताटली आहे. रेल्वेचे सायडिंग बंद झाले तेव्हा स्टेशनमास्तर ड्रिस्कॉल गेले. शाळा बंद झाली तेव्हा मास्तरीणबाई गेल्या. त्यांच्या ताटलीला तडा आहे, पण तो आधीपासूनचा आहे. लुथरन लोकांनी तर अख्खे चर्चच ट्रकवर चढवून दुसऱ्या गावाला नेले, आणि पाद्रीबुवांच्या बायकोची ताटली तेवढी राहिली. नूराबीलचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो ज्याला वाचायचा असेल त्याने ताटल्या उलट्या करून वाचाव्यात.

या ताटल्यांना कोणीही जुन्या बाजारात नेऊ नये. त्या कपाटातच राहतील. कोणाचा नातू-पणतू कधी चौकशी करत आला तर त्याची ताटली त्याला द्यावी. मात्र रिकामी देऊ नये. आलेली ताटली रिकामी परत पाठवायची नाही ही आमच्याकडची रीत आहे. चार बिस्किटे तरी ठेवावीत.

एक ताटली मात्र त्या कपाटात नाही. ती माझ्या घरी, चुलीवरच्या फळीवर आहे. तिचे काय करायचे ते शेवटच्या कलमात सांगेन.

कलम पाचवे. शेती. सायडिंग रस्त्याच्या दोन्ही अंगांची सर्व गव्हाची जमीन मी रसेलला देते. त्याने ती विकावी, कसायला द्यावी, काय वाटेल ते करावे. यातून फक्त हॉलचा कोपरा वगळला आहे. तो वेगळा मोजून घेतला आहे आणि त्याचा नकाशा वकीलबाईंकडे आहे.

आता हॉल माझ्या जमिनीत कसा, हा प्रश्न कोणीही विचारील. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तो कौन्सिलचाच वाटत होता. कौन्सिलने जिल्ह्यातले न चालणारे हॉल काढून टाकायचे ठरवले आणि जमीन मोजायला एक मुलगी पाठवली. तिने तिकाटणे लावून मोजले, पुन्हा मोजले, मग माझ्या मागच्या दाराशी येऊन प्यायला पाणी मागितले.

“मिसेस नॉस्की, तो हॉल तुमचा आहे,” ती म्हणाली.

“आमचाच आहे की.”

“तसं नव्हे. तुमच्या एकटीचा.”

कौन्सिलच्या कागदावर जिथे हॉल आहे तो तुकडा रस्त्याच्या पलीकडे उघड्या माळावर आहे. तिथे किथच्या मेंढ्या चरतात. हे असे का झाले ते मला त्याच क्षणी कळले, कारण क्लेमने ती गोष्ट मला साखरपुड्याच्या दिवशीच सांगितली होती. फक्त तिचा जमिनीशी संबंध आहे हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

१९२६ साली हॉल बांधायला सगळे नूराबील जमले. लाकूड, पत्रे, खिळे सगळे घराघरांतून आले. खुंट्या माळावरच्या त्या तुकड्यावर मारल्या होत्या. मग कोणीतरी म्हणाले, की आपण आत नाचत बसू आणि घोडे बाहेर तासन्‌तास उन्हात उभे राहतील. सगळ्यांनी रस्त्याच्या अलीकडच्या मोठ्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाकडे पाहिले. त्या झाडाखाली दहा-वीस घोड्यांना पुरेल एवढी सावली होती. लोकांनी खुंट्या उपटल्या, झाडाजवळ नेऊन ठोकल्या आणि कामाला लागले. कागदाचे नंतर बघू असे ठरले, आणि ते नंतर कधी आले नाही. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, त्याही त्याच सावलीत लावल्या. अशी चूक फक्त नूराबीलच करू जाणे. मला तिचा अभिमान आहे, आणि हे मी कायद्याच्या कागदावर लिहिते आहे.

त्या झाडाच्या खोडावर एक लांबट जुना व्रण आहे. ज्यांची ही भूमी आमच्या आधी होती त्या मूळ रहिवाशांनी तिथली साल होडीसाठी काढली होती. झाडाजवळ पाण्याचा झरा होता आणि ते लोक तिथे मेळावे भरवत असत. म्हणजे माणसांनी जमायची जागा ठरलेलीच होती. आम्हाला ती घोड्यांमुळे सापडली. त्यांच्या घरचे लोक अजून वर्षातून एकदा झाड बघायला येतात. फाटकाला कुलूप कोणी कधी लावू नये.

ते झाड क्लेमच्या आजोबांच्या, गुस्ताव नॉस्कींच्या शेतात होते. गुस्ताव जन्माने जर्मन. पहिल्या महायुद्धात पोलिसांनी त्यांची बंदूक नेली, त्यांना चौकीवर हजेरी लावायला लावली, आणि शेजारीपाजारी त्यांच्या फाटकापाशी आल्यावर दुसरीकडे बघू लागले. त्याच वेळी त्यांचा थोरला मुलगा अर्न्स्ट याच देशाचा गणवेश घालून फ्रान्सला गेला आणि तिकडेच पुरला गेला. हॉलमधल्या लाकडी फलकावर त्याचे नाव आहे. त्याच्या आगेमागे ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकी काहींच्या वडिलांनी गुस्तावशी बोलणे टाकले होते.

आपल्या जमिनीत हॉल उभा राहतो आहे हे आजोबांना ठाऊक होते का, असे मी क्लेमला मोजणीनंतर विचारले असते, पण तोवर त्याला जाऊन अकरा वर्षे झाली होती. तरी त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आहे. खुंट्या हलवल्यावर माप घ्यायला जी दोरी धरली, तिचे एक टोक गुस्तावच्या हातात होते. आणि जो माणूस आपल्या कुंपणाचा प्रत्येक खांब स्वतः पुरतो, त्याला ते कुठून कुठे जाते हे सांगावे लागत नाही. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर लोकांना त्यांचे आभार मानावे लागले असते, आणि त्या लोकांना त्या वर्षी ते फार जड गेले असते.

माझ्या सासरच्या मंडळींत मी सगळ्यात जास्त मानते ते या माणसाला, आणि मी त्यांना पाहिलेसुद्धा नाही.

कलम सहावे. श्रीमती डॉट पॅस्को यांच्याविषयी.

वकीलबाईंनी या कलमावर पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. मी ती खोडरबराने पुसली आहे.

हॉलची नाचायची जमीन सायप्रस पाइनच्या फळ्यांची आहे. तशी जमीन आजूबाजूच्या कुठल्याही गावात नव्हती. नाच असला की दुपारी मेणबत्त्यांचा कीस, लाकडाचा भुसा आणि थोडे रॉकेल असे मिश्रण पसरायचे, लहान पोरांना गोणपाटावर बसवायचे आणि मोठ्या पोरांनी ते गोणपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढायचे. पोरे किंचाळायची आणि जमीन चकाकायची. क्लेम आणि मी त्या जमिनीवर किती वर्षे नाचलो ते सांगायची माझी इच्छा आहे, पण वकीलबाई म्हणतात ती मालमत्ता नव्हे.

डॉट आमच्याकडे १९६२ साली पॅस्कोंची सून म्हणून आली. तिला पियानो येत होता, म्हणून पहिल्या नाचालाच तिला पियानोवर बसवले. ती कायमचीच बसली. पियानो भिंतीला लागून होता, त्यामुळे वाजवताना तिची पाठ आमच्याकडे असे. नाच संपला की आम्ही घरी जायचो आणि ती बादली घ्यायची.

१९७९ साली क्लेमचे पोटाचे ऑपरेशन झाले. मी त्याच्याबरोबर इस्पितळात होते. घरी परतले तर टेबलावर डॉटने पाठवलेला स्पंज केक होता, उंच, हलका, वर पॅशनफ्रूटचे आयसिंग. मला फार बरे वाटले. संध्याकाळी हॉलवर गेले तर जमीन नाहीशी झालेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी चौकोनांचे, मेणकापडासारखे लिनोलियम अंथरलेले. डॉट तेव्हा कमिटीची चिटणीस होती. मी नसताना सभा घेऊन तिने ते मंजूर करून घेतले होते.

“डॉट, तू जमीन झाकलीस की मढं झाकलंस?” मी विचारले.

“ज्यांना फडकं मारावं लागत नाही, त्यांना नाच सुचतात,” डॉट म्हणाली.

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चाळीस वर्षे. सभेत काही सांगायचे असले तर ‘अध्यक्षांनी श्रीमती पॅस्कोंना सांगावे’ असे म्हणायचे, आणि किथ ज्या कानाने ऐकू येत नाही तो कान तिच्याकडे करून बसलेले असत, त्यामुळे तिचे टोमणे माझ्यापर्यंत अर्धेच पोचायचे. मंगळवारी मी हॉल झाडायची, गुरुवारी ती. मी कपांचे कान उजवीकडे करून ठेवायची, ती डावीकडे करायची. मी लिनोलियमची एक कड उचकटून ठेवली की ती गुरुवारी येऊन तिथे खिळा ठोकायची.

हॉलला किल्ली एकच. ती १९२६ पासून नॉस्कींच्या घरात, दारामागच्या खिळ्याला असते. डॉट ती मागायला कधी आली नाही आणि मी कधी द्यायला गेले नाही. गुरुवारी सकाळी मी ती फाटकाच्या खांबावर अडकवून ठेवायची, संध्याकाळी ती तिथे परत असायची. पाऊस असो, वणवा असो, तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेचा आठवडा असो, एकही गुरुवार चुकला नाही.

केक क्लेमने खाल्ला. ताटली मी धुतली. बुडाला ‘पॅस्को’ अशी चिकटपट्टी. आता ती परत कशी करायची? भरून द्यावी तर माघार घेतल्यासारखे, आणि रिकामी द्यावी तर बेशरमपणा. म्हणून ती फळीवर राहिली. दर नाताळात मी ती उतरवून पुसते.

कलम सातवे. रसेलसाठी. हे कोणी मोठ्याने वाचून दाखवू नये, त्याचे त्याने वाचावे.

रसेल, तू ईस्टरला आलास तेव्हा आपण याच टेबलापाशी बसलो होतो. जमीन घेणाऱ्या कंपनीला सगळी शेती सलग हवी आहे, कोपरा वगळून नको, हे तू तेव्हा सांगितलेस. त्यांची पेरणीयंत्रे एवढी रुंद असतात की मध्ये घर, झाड, काही आले की त्यांना ते आडवे करावे लागते.

“मग वळू दे की यंत्र,” मी म्हणाले. “तुझे पणजोबा घोडे वळवत होते.”

“आई, तिथे आता आहे कोण गं? तू, डॉट आणि काकाकुवे.”

“मी आणि डॉट बोलत नाही. म्हणजे काकाकुवेच.”

तू हसला नाहीस. चहाचा कप फिरवत बसलास. मग म्हणालास, “तू गेल्यावर मला हे सांभाळायला लावू नकोस. मला नाही जमणार. मी जिलाँगला निघालो तेव्हा तूच बजावलं होतंस, मागे वळून बघू नकोस म्हणून.”

मी तसे म्हणाले होते, आणि तू आईचे ऐकलेस. त्याबद्दल तुला बोल कसा लावू? म्हणून हॉल मी तुला देत नाही. नको असलेली वस्तू मुलाच्या गळ्यात बांधणे याला वारसा म्हणत नाहीत. कोपरा गेल्यामुळे कंपनीने शेती घेतली नाही तर किथचा पुतण्या ती कसायला तयार आहे. त्याला यंत्र वळवता येते. तू रागावशील. रागाव. पण एवढे लक्षात ठेव, की त्या गोणपाटावर बसून सगळ्यात मोठ्याने किंचाळणारा पोरगा तू होतास. त्या फळ्यांना जी चकाकी आहे त्यात तुझ्या चार-पाच चड्ड्या गेल्या आहेत. माझे तुझ्यावर प्रेम आहे. हे मी तुला तोंडावर का सांगत नाही ते तुला माहीत आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही.

कलम आठवे. हॉल कोणाला.

गेल्या हिवाळ्यात कौन्सिलचा एक तरुण साहेब सभेला आला. हॉल आपला नाही हे कळल्यावर कौन्सिलने सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्याने नम्रपणे सांगितले की विमा बंद, डागडुजी बंद, आणि श्रीमती नॉस्कींच्या पश्चात वारस ठरवतील ते. तसाही हा हॉल कोणी वापरत नाही, असे तो म्हणाला. आम्ही सहाजण होतो. तेव्हा डॉट काठी टेकत उठली.

“अध्यक्षांनी श्रीमती नॉस्कींना सांगावं,” ती म्हणाली, “की त्यांनी मरायची घाई करू नये.”

“अध्यक्षांनी श्रीमती पॅस्कोंना सांगावं,” मी म्हणाले, “की मी प्रयत्न करते आहे.”

त्या साहेबाला काही कळले नाही. किथना दोन्ही वाक्ये स्पष्ट ऐकू आली. ते नाक शिंकरायला बाहेर गेले.

कोणी वापरत नाही हेही खरे राहिले नव्हते. जुन्या शाळेच्या घरात नॉ मू पॉ आणि तिची मंडळी राहतात. ते कारेन लोक आहेत, बर्माच्या सीमेवरच्या छावणीतून आलेले, आणि तालुक्याच्या गावी बदकांच्या मांसाच्या कारखान्यात काम करतात. त्यांना त्यांच्या नववर्षासाठी जागा हवी होती. मू पॉ गुरुवारी हॉल बघायला गेली, तेव्हा तिथे डॉट होती. मू पॉला आमच्या भांडणाचा पत्ता नव्हता. तिने लिनोलियमवर पाय आपटून बघितला आणि सांगितले की त्यांच्या नाचात सगळ्यांचे पाय एकदम पडतात, तो आवाज आला पाहिजे. हे आवाज गिळते.

पुढच्या गुरुवारी डॉटने पाव कापायची सुरी आणली आणि गुडघे टेकून, त्या वयात, चाळीस वर्षांचे खिळे उपटून, ते सगळे लिनोलियम काढले. मू पॉ मदतीला होती. “हे व्हर्नाला सांगू नकोस मी काढलं म्हणून,” असे डॉटने तिला बजावले. मू पॉने मला शुक्रवारी सांगितले.

खाली तिने वर्तमानपत्रांचे थर घातलेले होते, डिंकाचा एक थेंब नाही. फळ्या कोरड्या, सरळ, आणि वाकून वास घेतला तर अजून मेणाचा वास. तेवढे श्रेय मी तिला देते. लिनोलियमच्या रंगाबद्दलचे माझे मत कायम आहे.

नववर्षाला दोनशे माणसे आली. लाल विणीचे सदरे, ढोल, भाताचे डोंगर, आणि प्रत्येक घरची ताटली. मू पॉने सगळ्यांना चिकटपट्ट्या लावायला लावल्या होत्या, त्यांच्या गोल गोल अक्षरांत. पोरे अनवाणी रांगांत उभी राहिली आणि पाय पडले तेव्हा पत्रे हलले. पियानोची त्यांना गरज नव्हती. डॉट भिंतीपाशी खुर्चीत बसली होती, या खेपेला तोंड आमच्याकडे करून. मू पॉच्या सासूने तिचा हात धरून तिला उठवले. डॉटने बूट काढले. मग ती त्या रांगेच्या टोकाला, मोजे घालून, चुकीच्या पायावर, त्या जमिनीवर नाचली.

मी तिला तिथे कधीच नाचताना पाहिले नव्हते. मी रडले. किथनी मला काय झाले विचारले तर कांदा म्हणून सांगितले.

तरी आता विचारपूर्वक लिहिते. माझ्या ओळखीत त्या हॉलवर जीव टाकणारी माणसे पुष्कळ होऊन गेली. त्यासाठी चाळीस वर्षे भांडण चालू ठेवणारी मात्र एकच आहे. सबब हॉल, त्याचा कोपरा, झाडाची सावली, अर्न्स्टच्या नावाचा फलक, पियानो, कपाट व ताटल्या हे सर्व मी नूराबीलच्या लोकांच्या वापरासाठी विश्वस्तांच्या नावे करते. प्रमुख विश्वस्त श्रीमती डॉट पॅस्को. त्यांच्या पश्चात नॉ मू पॉ. कपांचे कान कोणत्या बाजूला हा निर्णय प्रमुख विश्वस्तांचा राहील. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिले.

कलम नववे. माझा अंत्यविधी हॉलमध्ये व्हावा. भाषणे थोडी, खाणे भरपूर. प्रत्येकाने ताटली आणावी. श्रीमती पॅस्को यांना वाजवायची इच्छा असेल तर पियानो भिंतीपासून ओढून असा फिरवावा, की त्यांना लोक दिसतील.

कलम दहावे व शेवटचे. चुलीवरच्या फळीवरची ताटली, पांढरी, काठाला हिरवी वेल, बुडाला ‘पॅस्को’, ही मी माझी मालमत्ता म्हणून देत नाही, कारण ती माझी नाही. ती परत करायची आहे. रसेल, हे काम तुझे. मागच्या दाराने जा. डॉट आत बोलावील, बस, चहा घे.

ताटली रिकामी नेऊ नकोस. दारामागच्या खिळ्यावरून हॉलची किल्ली काढ, ताटलीत ठेव आणि तिच्यापुढे कर. आता किल्ली तिच्या घरी राहील. गुरुवारी ती कोणाच्या फाटकावर जाणार नाही.

आणि तिला माझा निरोप सांग. हा अध्यक्षांमार्फत नाही. डॉट, आता तू घाई करू नकोस.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो मला मान्य आहे म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष सही करते.

(सही) व्हर्ना ओटिली नॉस्की

साक्षीदार:
(सही) किथ ओल्डेकर, शेतकरी, अध्यक्ष, नूराबील हॉल कमिटी. त्यांनी सातवे कलम सोडून मजकूर मोठ्याने वाचून घेतला व ऐकू आल्याचे सांगितले.
(सही) कॅथलीन डून, फिरती नर्स. लिहिणारी शुद्धीवर असून, चहात साखर जास्त घेते, याखेरीज माझी काही तक्रार नाही.

ठिकाण: नूराबील
दिनांक: १५ ऑगस्ट २०१९, गुरुवार. किल्ली आज सकाळी खांबावर अडकवली आहे.